वाद आणि वागणूक

प्राध्यापक म्हटले की जुन्या वारकऱ्याच्या डोळ्यांपुढे मामासाहेब दांडेकर उभे राहतात. पुण्याच्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयात तत्त्वज्ञान शिकवणारे मामासाहेब आणि ज्ञानेश्वरीवर प्रवचन करणारे मामासाहेब एकच होते. जोग महाराजांच्या या शिष्याने ज्ञानदेव आणि प्लेटो यांना एका ग्रंथात शेजारी बसवले आणि पंढरीची वाटही सोडली नाही. विद्वत्ता आणि वारी एका देहात सुखाने नांदतात, हे त्यांच्यामुळे आपल्याला वेगळे सिद्ध करावे लागत नाही.

आजचे चिंतन मात्र त्याच काळातल्या दुसऱ्या एका प्राध्यापकाला समोर ठेवून करायचे आहे. दोन महायुद्धांच्या मधली ती वीस वर्षे. पहिले महायुद्ध ज्या महिन्यात थांबले, त्याच नोव्हेंबर १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे एक तरुण प्राध्यापक रुजू झाले. अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेले, लंडनमधले शिक्षण पैशाअभावी अर्धे सोडून परतलेले. त्यांचे नाव भीमराव रामजी आंबेडकर.

त्यांचा दिवस कसा जात असे? परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत दोन खोल्यांचे बिऱ्हाड. पगार महिना साडेचारशे रुपये, म्हणजे त्या वेळच्या मानाने चांगला. पण लंडनचे अपुरे शिक्षण पुरे करायचे होते, म्हणून घरखर्चाला मोजके पैसे देऊन बाकीचे शिलकीत टाकायचे, असा नेम होता. शिकवण्याची तयारी कसून करायची. सुरुवातीला, हा काय शिकवणार, अशा नजरेने पाहणारे विद्यार्थी हळूहळू कान देऊन ऐकू लागले. पुढे तर दुसऱ्या महाविद्यालयांतली मुले परवानगी काढून त्यांच्या तासाला येऊन बसू लागली. अध्यापकाला याहून मोठे प्रमाणपत्र कोणते?

आणि याच महाविद्यालयात, प्राध्यापकांसाठी ठेवलेल्या पाण्याच्या भांड्यातले पाणी आंबेडकरांनी पिऊ नये, असा आक्षेप त्यांच्या काही सहकाऱ्यांनी घेतला.

वारकरी बंधुभगिनींनो, या एका भांड्यापाशी आपण थोडे थांबू या. घटना लहान आहे. मारहाण झाली नाही, कोणाला नोकरीवरून काढले नाही. पण त्या वेळी बाहेर काय चालले होते, ते पाहा. साऱ्या जगात स्वयंनिर्णयाच्या हक्काची चर्चा होती. १९१९ साली रौलट कायदा आला, त्याच एप्रिलमध्ये जालियनवाला बागेत रक्त सांडले, आणि वर्ष सरताना माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांचा कायदा झाला. सुधारणा घ्याव्यात की नाकाराव्यात, मतदानाचा हक्क कोणाला द्यावा, इंग्रजाने आपल्याला बरोबरीने का वागवू नये, याच गोष्टी शिकलेल्या माणसांच्या तोंडी होत्या. या वादात पडलेल्या माणसाला अन्याय कळत नव्हता, असे म्हणता येणार नाही. साहेबाच्या क्लबात आपल्याला प्रवेश नाही, याचा सल त्याला होता. मग आपल्याच बरोबरीने शिकवणाऱ्या माणसाचा ओठ आपल्या भांड्याच्या पाण्याला लागू नये, असे वाटताना तो सल कोठे जात होता?

आपल्यापुढचा प्रश्न हाच आहे. माणसाचे खरे मत कोणते समजायचे? सभेत मांडलेले, की पाण्यापाशी पाळलेले?

सभेतल्या मताला एक सोय असते. ते दूरच्या माणसाविरुद्ध असते. सरकार दूर, पार्लमेंट दूर, विरोधी पक्षाचा पुढारीही दूर. त्याच्यावर टीका करताना आपले घर, आपली पंगत, आपला माठ, यांतले काहीच हलवावे लागत नाही. उलट चार लोकांत मान वाढतो. पाण्यापाशी पाळलेल्या मताचे तसे नाही. ते हातभर अंतरावरच्या माणसाशी असते. तेथे न्याय करायचा तर आपल्यालाच काही सोडावे लागते. कधी जातीचा अभिमान, कधी शेजाऱ्याची मर्जी. म्हणून पुष्कळदा असे होते की, मोठ्या अन्यायावर बोलण्याचा आवेश हा लहान अन्याय झाकण्याचे पांघरूण बनतो. माणूस दांभिकच असतो असे नाही. त्याला ते पांघरूण आहे हेच कळत नाही. संतांनी मनाला सतत जागे ठेवायला सांगितले, ते यासाठी.

पाण्याच्या बाबतीत आपल्या संप्रदायाची शिकवण लपलेली नाही. काशीहून रामेश्वराला निघालेली गंगेची कावड एकनाथ महाराजांनी वाळवंटात तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखात रिकामी केली, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. नाथांच्या घरी श्रीखंड्या होऊन देवाने कावडीने रांजण भरला, हीही ऐकतो. पैठणला नाथषष्ठीच्या वेळी तो रांजण भरायला आजही भाविकांची रीघ लागते. या दोन कथा एकत्र ठेवून पाहाव्यात. एकीत भक्त मुक्या जीवाला पाणी देतो, दुसरीत देव भक्ताच्या घरचे पाणी भरतो. देव पाणक्या झाला, तेव्हा त्याची जात कोणी विचारली नाही. विचारली असती तर तो काय उत्तर देता? ज्या परंपरेने पाण्याभोवती अशा कथा जपल्या, त्या परंपरेच्या मुलखात एका शिक्षकाला पाण्याच्या भांड्यापासून दूर राहण्यास सांगितले जात होते.

आता पूर्वपक्ष मांडू. वाद करायचा तर समोरच्याचे म्हणणे त्याच्याहून चांगले मांडावे, मग उत्तर द्यावे, ही आपल्या शास्त्रांची रीत आहे.

पहिला पूर्वपक्ष असा: तो काळच तसा होता. शेकडो वर्षांचे संस्कार एका दिवसात जात नाहीत. आजच्या फूटपट्टीने कालच्या माणसांना मोजू नये.

यात तथ्य आहे, पण अर्धेच. कारण त्याच काळात वेगळे वागणारी माणसे होती. पुण्यात श्रीपाद महादेव माटे होते. ते पुढे सर परशुरामभाऊ महाविद्यालयातच मराठीचे प्राध्यापक झाले. अस्पृश्य मानलेल्या वस्त्यांतल्या मुलांसाठी त्यांनी वर्षानुवर्षे शाळा चालवल्या. लोकांनी त्यांना हिणवून ‘महारमाटे’ म्हटले. त्यांनी ते नाव अंगावर वागवले. १९३३ साली त्यांनी ग्रंथ लिहिला, त्याचे नाव ‘अस्पृष्टांचा प्रश्न’. अस्पृश्य म्हणजे शिवू नये असा. जणू दोष त्याच्यातच आहे. अस्पृष्ट म्हणजे ज्याला शिवले गेले नाही असा. येथे दोष न शिवणाऱ्याकडे येतो. एका अक्षराच्या बदलाने त्यांनी आरोपी बदलला. एकाच गावात, एकाच संस्काराच्या घरांत वाढलेल्यांपैकी काही जण असे वागू शकत होते, तर काळाकडे बोट दाखवून बाकीच्यांची पूर्ण सुटका होत नाही.

दुसरा पूर्वपक्ष भाविकाच्या तोंडचा आहे: आम्ही वारकरी. आम्हाला या राजकारणाशी काय करायचे? कोणाचे राज्य आले, कोणाला मत मिळाले, हे प्रपंचाचे खेळ. आपण नाम घ्यावे, वागणूक शुद्ध ठेवावी, म्हणजे झाले. सहकाऱ्यांपैकी एखाद्याने उठून आपल्या हाताने पेला भरून दिला असता, तर भांड्याचा प्रश्न तेथेच मिटला नसता का?

मिटला असता, त्या दिवसापुरता आणि त्या भांड्यापुरता. पण पाणी पिण्याचा हक्क दुसऱ्याच्या चांगुलपणावर टांगून ठेवता येतो का? तो सज्जन उद्या रजेवर गेला, तर परवा काय? आंबेडकरांनी हे ओळखले होते. म्हणूनच त्या नोकरीत असताना, १९१९ च्या जानेवारीत, मतदानाच्या हक्काचा विचार करणाऱ्या साउथबरो समितीपुढे त्यांनी साक्ष दिली आणि आपल्या समाजाचे प्रतिनिधी आपल्या समाजाने निवडावेत, अशी मागणी केली. प्राध्यापकाच्या रोजच्या जगण्यातून उठलेली ती मागणी होती. भांड्यापाशी काय घडते हे ज्याने पाहिले आहे, तोच सांगू शकतो की आपल्या वतीने दुसऱ्याने बोलणे पुरत नाही.

पुढे १९२३ च्या ऑगस्टमध्ये मुंबई कायदे कौन्सिलात सीताराम केशव बोले यांनी मांडलेला ठराव मंजूर झाला. सरकारी पैशाने बांधलेले आणि चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, असा तो ठराव. महाडच्या नगरपालिकेने त्यानुसार चवदार तळे खुले केल्याचा ठरावही केला. म्हणजे वादात विजय मिळाला, कागदावर शाई उमटली. तरीही तळ्याकडे कोणाला जाता येईना. २० मार्च १९२७ रोजी आंबेडकरांच्या मागून हजारो माणसे शांतपणे तळ्यावर गेली आणि ओंजळीने पाणी प्याली, तेव्हा त्यांच्यावर हल्ला झाला. नंतर तळे ‘शुद्ध’ करण्यासाठी पंचगव्याच्या एकशे आठ घागरी त्यात ओतल्या गेल्या. एकशे आठ! आपल्या जपमाळेचे मणीही तितकेच. ज्या आकड्याने नाम मोजायचे, त्या आकड्याने द्वेष मोजला गेला. तळ्यावरचा हक्क उच्च न्यायालयाने कायम केला, तो १९३७ च्या मार्चमध्ये.

महाडने दोन्ही पक्षांना उत्तर दिले आहे. नुसता ठराव पुरत नाही, कारण वागणूक बदलली नाही तर ठराव कपाटात पडून राहतो. नुसती वागणूकही पुरत नाही, कारण ठरावाचे बळ नसेल तर गरजवंताला प्रत्येक पाणवठ्यावर नवा सज्जन शोधत फिरावे लागते. राजकारण आणि आचरण ही एकाच गाडीची दोन चाके आहेत. एक चाक काढून ठेवले, तर गाडी तेथल्या तेथेच गरगरते आणि आतल्याला वाटते की आपण चाललो आहोत.

तिसरा पूर्वपक्ष सर्वांत सूक्ष्म आहे. तो म्हणतो, तटस्थ राहावे. शिक्षकाला तर तटस्थता हवीच. वर्गात निरनिराळ्या मतांची मुले बसतात; गुरूने एकाची बाजू घेतली तर दुसऱ्याने कोणाकडे पाहावे?

हे म्हणणे वर्गापुरते सोळा आणे खरे आहे. विरोधी मताच्या विद्यार्थ्याला भय न वाटता समोर बसता यावे, हा अध्यापकाचा धर्म आहे. पण ‘तटस्थ’ या शब्दाकडे चंद्रभागेच्या काठी उभे राहून पाहा. तटस्थ म्हणजे तटावर उभा असलेला. पलीकडे दोन नावांची शर्यत चालली असेल, तर काठावर उभे राहून पाहण्यात काही दोष नाही. पाण्यात कोणी बुडत असेल, तर काठावर उभे राहण्याला तटस्थता म्हणत नाहीत. फेरवादी खरे की नाफेरवादी, सुधारणा राबवाव्यात की झुगाराव्यात, अशा त्या काळच्या वादांत एखाद्या सज्जनाने कोणताच झेंडा खांद्यावर घेतला नसेल, तर त्याला कोण नावे ठेवील? पण भांड्यापासून एकाला दूर ठेवले जात असताना जो गप्प राहिला, त्याने बाजू घेतलेलीच होती. पाणी जिकडे होते, त्या बाजूला तो उभा होता.

आता यातला आपल्या मनाला सर्वांत टोचणारा भाग. आंबेडकर आपल्या परंपरेला परके नव्हते. वडील रामजी सुभेदार कबीरपंथी. घरी संतांचे अभंग म्हणण्याचा नेम होता. ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ हे पाक्षिक निघाले, तेव्हा ते अजून सिडनहॅमच्या सरकारी नोकरीत होते, म्हणून संपादक म्हणून नाव दुसऱ्याचे होते. त्या पत्राच्या शिरोभागी त्यांनी तुकोबारायांचा अभंग घेतला. १९२७ साली ‘बहिष्कृत भारत’ काढले, त्याच्या शिरोभागी ज्ञानेश्वरीतल्या ओव्या घेतल्या. ज्या माणसाला आपण पाण्याजवळ येऊ दिले नाही, त्याने आपले म्हणणे मांडायला आपल्याच माउलीचे आणि तुकोबांचे शब्द निवडले. वाणी त्याच्यापर्यंत पोचली होती. अडले होते ते आपल्या वागण्यापाशी.

त्यांच्या पत्नी रमाबाई यांना पंढरपूरला जायची ओढ होती. ही हकीकत त्यांच्या चरित्रात आहे. त्या काळी त्यांना विठ्ठलाचे दर्शन मिळणार नव्हते. चोखोबांच्या समाधीपाशी, महाद्वाराबाहेर थांबूनच हात जोडावे लागले असते. आपल्या भक्ताला जी देवापर्यंत जाऊ देत नाही, ती पंढरी काय कामाची, आपण आपल्या सेवेने आणि त्यागाने दुसरी पंढरी उभी करू, अशा आशयाचे शब्द बोलून पतीने त्यांची समजूत घातली. १९३५ च्या मे महिन्यात रमाबाई गेल्या. पुढच्याच महिन्यात आंबेडकर मुंबईच्या सरकारी विधी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. ऑक्टोबरात येवल्याला त्यांनी हिंदू म्हणून मरणार नाही, ही घोषणा केली. पंढरीच्या वाटेवरून एक माउली अशी दाराबाहेरूनच परत गेली. विटेवरचा देव अठ्ठावीस युगे उभा आहे म्हणतात. तो ज्यांची वाट पाहत होता, त्यांतली ती एक नव्हती कशावरून?

पंढरीचे दार सर्वांना उघडले ते १९४७ च्या मे महिन्यात, साने गुरुजींच्या दहा दिवसांच्या उपोषणानंतर. साने गुरुजीही शिक्षकच. दोन युद्धांच्या मधल्या काळात अमळनेरच्या शाळेत मुलांना शिकवलेले. दार उघडले म्हणून सगळे मिटले असेही झाले नाही. इरावती कर्वे या विदुषी प्राध्यापिका वारीत चालल्या आणि त्यांनी ‘वाटचाल’ हा लेख लिहिला. तो १९४९ च्या ‘परिपूर्ती’ या पुस्तकात आहे. एकाच दिंडीत एकच अभंग गाणारी माणसे जेवायला मात्र जातवार वेगळी बसतात, याची खंत त्यांनी त्यात नोंदवली. त्या स्वतः दोन्हीकडे जेवल्या. त्यांनी वारीवर प्रेम केले आणि वारीतले उणेही पाहिले. प्रेम करणाऱ्यानेच असे दाखवावे, म्हणजे ते ऐकले जाते.

आपल्याकडे याचे उत्तर पूर्वीपासून आहे, आणि ते उत्तर म्हणजे काला. सप्ताहाच्या शेवटी काल्याचे कीर्तन होते, दहीहंडी फुटते, आणि दही-लाह्यांचा प्रसाद सर्वांच्या हातावर पडतो. गोकुळात सवंगड्यांनी आपापल्या शिदोऱ्या एकत्र कालवल्या आणि देवाने त्यातला घास खाल्ला. काला म्हणजे एकच भांडे. ज्याने काल्याचा प्रसाद मनापासून घेतला, त्याला पाण्याचे दुसरे भांडे ठेवता येणार नाही. ठेवले, तर घेतलेला प्रसाद पोटात गेला, अंगी लागला नाही, एवढेच म्हणावे लागेल.

आता आपल्याकडे वळू. आजही राजकीय वादाला तोटा नाही. मुक्कामाच्या गावी तंबूत रात्री दिवा मालवेपर्यंत वाद चालतात. मोबाइलवर तर चोवीस तास. वाद करू नये, असे या लेखाचे म्हणणे मुळीच नाही. देश आपला आहे, मत आपले आहे, ते विचार करून द्यावे आणि निर्भयपणे मांडावे. पण मत मांडून झाल्यावर एकेकाने एकांतात स्वतःला चार प्रश्न विचारावेत. आपल्या घरी कामाला येणाऱ्या बाईचा चहाचा कप वेगळा आहे का? आपल्या दिंडीच्या पंगतीत कोणी न सांगता शेवटी बसते का? आपल्या गावच्या सप्ताहात टाळ कोणाच्या हाती असतो आणि झाडू कोणाच्या? शौचालये साफ करायला वाळवंटात जे हात येतात, त्या माणसांच्या पाया पडून आपण त्यांना कधी ‘माउली’ म्हटले आहे का? या प्रश्नांची उत्तरे कोणाला सांगायची नाहीत. ती विठ्ठलाला ठाऊकच आहेत.

उत्तर मनासारखे आले नाही, तर उपाय लांबचा नाही. सिडनहॅमच्या त्या खोलीत जे घडायला हवे होते, ते आपल्या घरात आज संध्याकाळी घडवता येईल. एकच भांडे ठेवायचे. आणि त्याच बरोबर, जेथे कोणाला पाण्यावरून, जागेवरून, दारावरून अडवले जात असेल, तेथे कायद्याच्या बाजूने आपले नाव आणि आपला आवाज द्यायचा. मग सभेत आपण कोणत्याही पक्षाच्या बाजूने बोललो, तरी बोलण्याला वजन येईल.

पंढरीला गेल्यावर नामदेव पायरीला डोके टेकवण्याआधी आपण चोखोबांच्या समाधीपाशी थांबतो. तेथे क्षणभर जास्त थांबावे. मंगळवेढ्याला कोसळलेल्या कुसवाखाली गाडला गेलेला हा संत. त्याच्या अस्थींतून विठ्ठलनाम ऐकू आले म्हणून नामदेवरायांनी त्या ओळखून येथे आणल्या, अशी आपली श्रद्धा आहे. डॉ. आंबेडकरांनीही १९४८ साली अस्पृश्यांच्या इतिहासावर लिहिलेला आपला ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तीन संतांच्या स्मृतीला वाहिला. दुरावलेल्या त्या थोर माणसाच्या आणि आपल्यामध्ये तेथे एक धागा अजून शाबूत आहे. तो धागा हातात घेऊन आत जावे, आणि विटेवरच्या मायबापाकडे एवढेच मागावे की, आमच्या जिभेवर जे आहे ते आमच्या हाती उतरू दे.

रामकृष्णहरि.